जुन्या रेडिओची बॅटरी आणि सचोटीचा व्यवहार

मेळघाटात सिपना नदीकाठी सेमाडोह हे गाव आहे. विजेच्या तारा न पोचलेल्या अशा गावांसाठीच एकेकाळी बॅटरीवरचे व्हॉल्व्ह रेडिओ निघाले होते. १९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, पुढे ट्रान्झिस्टर संच स्वस्त झाले आणि व्हॉल्व्ह रेडिओची ९० व्होल्टची ड्राय बॅटरी बाजारातून गेली. संच धडधाकट असूनही केवळ बॅटरीअभावी मुका झाला.

असा संच मेळघाटातून परतवाड्याच्या किंवा अमरावतीच्या दुकानात आला, तर 'बॅटरी मिळत नाही' म्हणून तो परत करू नये, असे आमचे मत आहे. बॅटरी मिळत नसली तरी बनवता येते. नऊ व्होल्टचे दहा चौकोनी सेल एकामागून एक जोडले की ९० व्होल्ट होतात. चार व्हॉल्व्हचा संच साधारण १० मिलिअँपिअर ओढतो. चांगले अल्कलाइन सेल सुमारे चाळीस तास टिकतात. फिलॅमेंटसाठी दीड व्होल्टचे मोठे सेल वेगळे लावावेत. मात्र आधी संचाचा नकाशा पाहावा, कारण काही संचांत फिलॅमेंटचा दाब वेगळा असतो.

येथे घाई नको. ९० व्होल्टची तार चुकून फिलॅमेंटला लागली, तर चारही व्हॉल्व्ह क्षणात जळतात, आणि तसे व्हॉल्व्ह आता सहज मिळत नाहीत. म्हणून दोन्ही जोडण्यांचे प्लग वेगवेगळ्या आकाराचे ठेवावेत, उच्च दाबाच्या तारेत शंभर मिलिअँपिअरहून कमी क्षमतेचा फ्यूज घालावा आणि टोके उघडी ठेवू नयेत. ९० व्होल्टचा झटका बसतो. जुने कागदी कंडेन्सरही आधी तपासावेत.

हल्ली काही जण लिथियम सेल व दाब वाढवणारे स्वस्त सर्किट वापरतात. त्यात सेलचा खर्च वाचतो, पण सर्किटला धातूची पेटी व फिल्टर नसेल तर मध्यम लहरींवर खरखर येते. ही खरखर रेडिओच्या माथी मारून ग्राहकाकडून पुन्हा दुरुस्तीचे पैसे घेणे हा व्यवहार नव्हे.

बाजारात धान्याच्या ढिगाखाली ओल लपवणाऱ्या विक्रेत्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हटकले आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला हवे होते, असे सांगितले. हा प्रसंग आपल्या व्यापारी बंधूंना ठाऊक आहे. तोच नियम येथे लागू आहे. नवी बॅटरी जुन्या खोक्यात घालून 'असली' म्हणून विकू नये. खोक्याच्या आत काय बसवले, केव्हा बसवले आणि किती तास चालेल, हे चिठ्ठीवर लिहावे. हा संच एफ.एम. पकडणार नाही, हेही ग्राहकाला आधीच सांगावे.

मजुरी मात्र पूर्ण घ्यावी. हे काम नाजूक आहे, वेळ खाणारे आहे आणि ते जाणणारे हात कमी होत चालले आहेत. दुकानातील वयस्क कारागिराने हे ज्ञान एखाद्या होतकरू पोराच्या हाती दिले, तर संच वाचेल आणि हुनरही वाचेल. परंतु ग्राहकाचा विश्वास गेला, तर कोणतीही बॅटरी त्या धंद्याला जिवंत करू शकणार नाही.