नाकाला काम द्या

शेजारच्या क्वार्टरमध्ये कॉकर स्पॅनिअल आला तेव्हा साऱ्या गल्लीचं लक्ष त्याच्या पाण्याच्या भांड्यात बुडणाऱ्या लांब कानांकडे गेलं. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. चपला पळवतो, मेंदीच्या कुंपणात घुसतो, तोंडातलं काढायला गेलं की गुरगुरतो. ‘दोन रट्टे द्या, सुतासारखा सरळ येईल,’ असा सल्लाही कुणीतरी दिला.

हा सल्ला मला मुळीच पटत नाही. झुडपांत घुसून वुडकॉकसारखे पक्षी उठवायचे आणि पडलेली शिकार दात न रुतवता मालकाच्या हाती आणून द्यायची, यासाठी इंग्लंडात या कुत्र्याची पिढ्यानपिढ्या पैदास झाली. कुंपणात शिरणं ही त्याची ड्यूटी आणि चप्पल घेऊन तुमच्यासमोर येणं ही त्याची हजेरी!

तेव्हा त्याच्याकडे नीट पाहा. शेपटीबरोबर मागचं अख्खं अंग हलत असतं. आपण मात्र ओरडत मागे धावतो, जबडा उघडून चप्पल ओढून घेतो. माणूस जवळ आला की हातची वस्तू जाते, एवढंच तो यातून शिकतो. पुढच्या खेपेला तो पलंगाखाली शिरतो, अंग ताठ करतो, डोळ्यांच्या कडांचं पांढरं दिसू लागतं आणि मग गुरगुर. त्यावर रट्टा दिला तर गुरगुर थांबेलही, पण भीती आत तशीच राहते, आणि असा कुत्रा एखाद्या दिवशी न गुरगुरताच चावतो.

‘वहिनी, मागे धावू नका,’ मी शेजारी सांगितलं. ‘पनीरचा तुकडा दाखवा. चप्पल सोडली की तुकडा द्या, कौतुक करा. त्याचं खेळणं असेल तर तेही परत द्या.’ हे परत देणं फार मोलाचं आहे. त्यातूनच त्याचा विश्वास बसतो.

स्पॅनिअल मनाने हळवा. आवाज चढला की काही जण जागीच मुततात. ती खोडी नसते. अशा वेळी नजर न रोखता, बाजूला वळून खाली बसावं.

आणि नाकाला काम द्यावं. मे महिन्यात भिलाईत पारा ४५ अंशांकडे सरकतो, डांबराने पंजे भाजतात. फिरणं उजाडताच उरकायचं. दुपारी पोळीचे तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवा, ‘शोध’ म्हणा. थोडा वेळ मनासारखं हुंगायला मिळालं की तो आपणहून पंख्याखाली पसरतो. इथल्या पोलाद कारखान्याची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे (सीआयएसएफ) आहे. त्या दलाच्या श्वानपथकांत कॉकर स्पॅनिअलही आहेत, ते याच नाकासाठी.

एक मात्र आवर्जून सांगते. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, पावसाळ्यात ते चिघळतात, गवताची कुसळंही आत शिरतात. एरवी लाडिक असलेला कुत्रा डोक्याला हात लावताच फिसकारला, मान सारखी झटकू लागला, कानाला वास आला, तर शिकवणं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.