सेशनला सेटिंग्जची उठाठेव कशाला?

मंडळी, विम वापरता ना? मग शुक्रवारी संध्याकाळी एमकेसेशन मारून घरी पळत असाल, आणि सोमवारी सगळ्या विंडोज जिथल्या तिथे दिसल्या की खूशही होत असाल. छानच आहे! पण रविवारी हौसेनं विमआरसीत एफ-५ला नवीन काम जोडलं होतं, त्याचं काय झालं? एफ-५ जुनंच काम करतंय!

कारण साधं आहे. विम आधी विमआरसी वाचतो, सेशनची फाइल नंतर. आणि सेशनऑप्शन्सच्या यादीत मुळातच 'ऑप्शन्स' असतं, त्यामुळे शुक्रवारच्या सेटिंग्ज आणि मॅपिंग्ज त्या फाइलीत जातात. झालं, शिळं ताज्यावर कुरघोडी करतं!

"डिफॉल्ट आहे म्हणजे बरोबरच असणार" म्हणणाऱ्यांना आपला कोपरापासून नमस्कार. निओविमवाल्यांनी आपल्या डिफॉल्टमधून तो शब्द काढूनही टाकलाय. अहो, काम कुठे थांबलं ते सेशननं सांगावं, काम कसं करायचं ते विमआरसीनं. एका घरात दोन कारभारी हवेत कशाला?

विमआरसीत एक ओळ लिहून ते 'ऑप्शन्स' आजच उडवा. आणि हो, सेशन पुन्हा सेव्ह करा. जुन्या फाइलीतली भुतं आपोआप जात नाहीत!