खिडकीपुढची पेटी आधी हलवा

वसतिगृहात नंबर लागल्याची बातमी आली की आपल्या वस्तीत पेढे वाटले जातात. मग तयारी सुरू होते. पत्र्याची पेटी, गादी, बादली, चिवड्याचा डबा, लोणच्याची बरणी आणि "असू दे, लागेल" म्हणत आणखी चार पिशव्या. पोरांना काही कमी पडू नये, हीच त्यामागची माया. पण हे सामान ज्या खोलीत जाते, ती खोली आपण कधी पाहिलेली असते का?

यंदा आम्ही वस्तीतल्या एका मुलीला सोडायला गेलो. खोली साधारण दहा बाय बाराची. तीत चार खाटा, चार पेट्या, चार बादल्या. खिडकी एकच आणि तिच्यापुढे पेट्यांची उतरंड. वर दोरीवर ओले कपडे. भर दुपारी दिवा लावावा लागत होता. मुली म्हणाल्या, "जागाच नाही, काय करणार?"

लहान जागेत राहणे आम्हाला नवे नाही. वस्तीत एका खोलीत सहा माणसे झोपतात. पण दार दिवसभर उघडे असते, अंथरुणे उन्हात पडतात. घरी जे सहज होते, तेच वसतिगृहात सुटते. म्हणून आमचे मत असे की, लहान खोलीत पहिला हक्क हवेचा, दुसरा झोपेचा आणि उरलेली जागा सामानाची. आपण नेमके उलटे करतो.

क्षयरोग, म्हणजे टीबी, हवेतून पसरतो. बंद खोलीत त्याचे जंतू तासन्‌तास तरंगत राहतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होऊन बाहेर जातात. म्हणून पेट्या खाटेखाली सरकवा, बसत नसतील तर खाटेच्या पायांखाली पक्क्या विटा द्या. खिडकी आणि दार रोज काही वेळ एकदमच उघडे ठेवा. कपडे गच्चीवर किंवा व्हरांड्यात वाळवा; खोलीत ओल धरते आणि दमट कपडे घातले की नायटा उठतो. टॉवेल ज्याचा त्याने वापरावा. एकाला खरूज झाली तर डॉक्टरांनी दिलेले औषध खोलीतल्या सर्वांनी एकाच वेळी लावावे, नाहीतर ती फिरत राहते. मच्छरांसाठी बंद खोलीत कॉइल जाळण्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

झोपेचेही असेच. बाबासाहेब परळच्या चाळीतल्या एका खोलीत शिकत होते, तेव्हा सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. जागा कमी म्हणून वेळ वाटून घेतली. मात्र याचा अर्थ आपल्या पोरांनी झोप मोडावी असा नव्हे. दिवा किती वाजता बंद करायचा, हे चौघांनी पहिल्याच आठवड्यात ठरवावे. उशिरापर्यंत वाचणाऱ्याने टेबललॅम्प भिंतीकडे वळवावा किंवा वाचनखोलीत बसावे.

आम्हाला सर्वांत जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. त्या खोलीतली एक मुलगी तीन आठवडे खोकत होती आणि तिने कोणालाच सांगितले नव्हते. "गृहपालांना कळलं तर घरी पाठवतील. माझी खाट जाईल," ती म्हणाली. आम्ही तिला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेले. टीबी निघाला नाही. पण निघाला असता तर? बंद खिडकी आणि लपवलेला खोकला, या दोन गोष्टी एकत्र आल्या की चारही खाटा धोक्यात येतात.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तपासणी करायलाच हवी. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी मोफत होते आणि औषधेही मोफत मिळतात. उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. त्या काळात सकस आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून दरमहा 1000 रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. बरा होणारा आजार आहे हा. तो लपवावा लागू नये, ही जबाबदारी वसतिगृहाची आणि आपलीही आहे. आजारी विद्यार्थ्याची जागा जाणार नाही, असे पालकांनी मिळून गृहपालांकडून लेखी घ्यावे. खोलीत ठरल्यापेक्षा जास्त खाटा टाकल्या असतील तर तोही अर्ज सोबत द्यावा. एकट्या पोराने बोलणे अवघड असते, दहा पालकांचे बोलणे टाळता येत नाही.

पुढच्या वेळी भेटायला जाल तेव्हा डबा जरूर न्या. पण आधी खिडकी उघडते का ते बघा आणि नको असलेली एक पिशवी परत आणा. फोनवर "जेवलास का?" विचारून झाले की "खोकला नाही ना?" हेही विचारा.