टेबल फॉर वन? छे!

ऑफिसच्या कामासाठी एकटं परगावी जाण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट कोणती? प्रेझेंटेशन? क्लायंट? अजिबात नाही. रात्रीचं जेवण! दिवसभर मीटिंगमध्ये बिनधास्त बोलणारे आपण, पण रेस्टॉरंटच्या दारात 'मॅडम, कितने लोग?' असं विचारलं की एकदम कानकोंडे होतो. 'एक' म्हणायला जीभ रेटत नाही. मग काय, रूम सर्व्हिस, क्लब सँडविच आणि टीव्हीचा रिमोट. खरं की नाही?

माझंही तेच. एका असाइनमेंटसाठी आठवडाभर बंगलोरला गेले होते. (२०१४ पासून अधिकृतपणे बेंगळुरू झालंय, पण जिभेवर जुनंच नाव आहे.) पहिले दोन दिवस गारढोण सँडविचवर काढले. रात्री आईचा फोन, 'जेवलीस का?' 'हो गं, मस्त!' अशी थाप मारली आणि फोन ठेवल्यावर चक्क रडू आलं.

तिसऱ्या दिवशी बसवनगुडी भागात एक मुलाखत होती. तासभर आधीच पोचले, पोटात कावळे कोकलत होते आणि समोर गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन. १९४३ साली सुरू झालेलं, नावाप्रमाणेच आधी विद्यार्थ्यांचं असलेलं हे टिफिनचं ठिकाण. बाहेर ही गर्दी! मी घाबरत घाबरत एक बोट वर केलं आणि पाचव्या मिनिटाला आत. चौघा-पाचजणांचे ग्रुप बाहेर ताटकळत बघतच राहिले. एकटं असण्याचा पहिला फायदा!

बसवलं ते तीन अनोळखी माणसांच्या टेबलावर. भिंतींवर कन्नड साहित्यिकांची रेखाचित्रं, आणि वेटर एका हातावर डोशांच्या प्लेट्सची चळत रचून सर्कशीतल्यासारखा येतोय. समोरचे सत्तरीतले आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, 'तिंडी आयता?' मी ब्लँक. मग त्यांनी इंग्रजीत समजावलं: 'तिंडी' म्हणजे नाश्ता. झाला का, असं विचारतोय. दुपारी विचारायचं असेल तर 'ऊटा आयता?', म्हणजे जेवण झालं का? 'आमच्याकडे हॅलो असंच म्हणतात,' इति आजोबा.

माझ्या घशात आवंढा. अनोळखी शहरात, अनोळखी भाषेत, आईचाच प्रश्न! या वेळी मात्र खरं उत्तर दिलं, 'नाही झाला, म्हणून तर आलेय.' टेबलावरचे सगळेच हसले. तेवढ्यात डोसा आला. बाहेरून खरपूस तांबूस, आतून मऊ, वर लोणी आणि सोबत पातळ चटणी. कागदासारख्या डोशाची सवय असलेल्यांनी हा जरूर खावा.

निघताना आजोबांनी माझ्या डायरीत आणखी दोन नावं लिहून दिली. पहिलं, लालबाग रोडवरचं एमटीआर, अर्थात मावळ्ळी टिफिन रूम्स, १९२४ सालचं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा यांनी रव्याची इडली करून बघितली असं सांगतात. तूप आणि बटाट्याच्या सागूबरोबर ती खाताना टंचाईचे आभारच मानावेसे वाटतात. आणीबाणीत सरकारने हॉटेलांना दर उतरवायला लावले, तेव्हा दर्जा उतरवण्यापेक्षा यांनी हॉटेल बंद ठेवलं आणि तयार पिठं, मसाले पाकिटात भरून विकायला घेतले. आपल्या किचनमध्ये असतात ती एमटीआरची पाकिटं आली ती इथून!

दुसरं, शंकरपुरममधलं ब्राह्मिन्स कॉफी बार, १९६५ पासूनचं. मेन्यू म्हणाल तर इडली, वडा, खाराभात, केसरीभात आणि कॉफी-चहा. संपला! सांबार मागू नका, मिळणार नाही. पण चटणी अशी, की सांबाराची आठवणच येत नाही. आणि गंमत म्हणजे सगळे प्लेट हातात घेऊन फुटपाथवर उभे. जिथे टेबलच नाही, तिथे 'टेबल फॉर वन'चं टेन्शन कसलं?

तेव्हा मला कळलं, लाज एकटं जेवण्याची नसते, समोरच्या रिकाम्या खुर्चीची असते. या जुन्या टिफिन रूम्समध्ये ती खुर्ची रिकामी ठेवतच नाहीत. कोणीतरी येऊन बसतं, पाण्याचा ग्लास सरकवतं, 'हे घ्या, छान असतं' म्हणतं. कँडललाइट नाही, म्युझिक नाही, पण माणसं आहेत.

सो, पुढच्या ऑफिस टूरला रूम सर्व्हिसचं कार्ड सरळ ड्रॉवरमध्ये टाका. हॉटेलच्या रिसेप्शनवर 'बेस्ट रेस्टॉरंट' विचारू नका. 'तुम्ही स्वतः सकाळी कुठे खाता?' असं विचारा. शक्यतो नाश्त्यापासून सुरुवात करा, कारण सकाळी निम्मं गाव एकटंच खात असतं. आणि हो, विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद असतं, त्याप्रमाणे प्लॅन करा.

त्या रात्री फोन वाजल्यावर आईला बोलूच दिलं नाही. आधी मीच विचारलं, 'ऊटा आयता?' पलीकडे दोन सेकंद शांतता. मग आई म्हणाली, 'अगं, बरी आहेस ना?'

बरी? एकदम मस्त! आणि या वेळी ती थाप नव्हती.