देवाची करणी की मालकाची?

धरण फुटले की सत्ताधाऱ्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'नैसर्गिक आपत्ती'. हा शब्द आम्हाला मान्य नाही. का, ते अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या साउथ फोर्क धरणाकडे पाहिले की कळते.

कालव्याला पाणी पुरवण्यासाठी सरकारने बांधलेले हे मातीचे धरण पुढे निकामी म्हणून विकले गेले. १८७९ मध्ये ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या शिकार-मासेमारी क्लबकडे आले. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक हे त्याचे सभासद. तलावात होड्या, काठावर बंगले. तळाचे पाणी सोडणारे लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते, क्लबने ते परत बसवले नाहीत. वरून बग्ग्या जाव्यात म्हणून बांधाचा माथा उतरवून रुंद केला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. मासे सुरक्षित, माणसांचे कोणाला पडले आहे!

खाली चौदा मैलांवर जॉन्सटाउन, पोलाद कामगारांचे शहर. तिथल्या केंब्रिया आयर्न कंपनीने १८८० मध्ये आपला अभियंता पाठवून दोष कळवले. 'तुम्हाला धोका नाही', अशा अर्थाचे उत्तर आले. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून वाहिले, धरण फुटले. २२०९ माणसे गेली. खटले झाले, पण कोर्टातून क्लबकडून कोणालाही भरपाई मिळाली नाही. सगळे 'देवाची करणी' ठरले. कार्नेगीने नंतर गावाला ग्रंथालय बांधून दिले. दान मिळाले, हक्क नाही. हा फरक आंबेडकरी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे देवाच्या जागी खेकडे आले, एवढेच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांच्या माथी मारला.

बाबासाहेब १९४२ ते ४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला गेला. नद्या आणि पूर हा त्यांच्या दृष्टीने शासनाच्या जबाबदारीचा विषय होता, नशिबाचा नव्हे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मालकावर देखभालीची जबाबदारी टाकली, कसुरीला कैदही ठेवली. पण दहा मीटरपेक्षा कमी उंचीचे जुने तलाव त्याच्या बाहेरच राहिले. बोटिंग आणि सुशोभीकरणाला निधी मिळतो तो बहुतेकदा अशाच तलावांवर. आणि ओढ्याकाठी, बांधाखाली कोणाची वस्ती असते, हे आम्ही सांगायला हवे का?

कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक तलावासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. पावसाळ्याआधीची आणि नंतरची शेवटची पाहणी कधी झाली, सांडवा मोकळा आहे का, धरण फुटल्यास कोणती घरे पाण्याखाली जातील, याची यादी कुठे आहे? धरण कायद्याखाली येत नाही असे उत्तर आले, तर त्याची जबाबदारी कोणावर, हे लेखी मागावे. जूनच्या आत.