दगडफुलाची पुडी

गोड्या मसाल्याच्या तयारींत परवां सूनबाई दगडफूल निवडीत होत्या, तेव्हां "हें फूल कोणत्या झाडाचें?" असा प्रश्न नातवानें आम्हांस केला. वस्तुतः तें फूल नव्हे आणि झाडहि नव्हे. बुरशी आणि शैवाल ह्या दोन भिन्न जीवांचा तो एकत्र संसार आहे. एकानें घर उभारावें, दुसऱ्यानें उन्हावर अन्न सिद्ध करावें. श्वेंडेनर ह्या स्विस पंडितानें १८६७ सालीं हें सांगितलें, तेव्हां त्या शास्त्रांतील जाणत्यांनींच त्यास कडाडून विरोध केला!

ह्याच कुळांतील जीव उत्तर ध्रुवाकडील उघड्या खडकांवर नांदतात. नॉर्वेचे बेर्न्ट ल्युंगे १९२१ सालीं त्यांच्या संग्रहासाठीं नोव्हाया झेम्ल्या बेटांवर गेले. मातीवरचें दगडफूल चाकूनें उचलतां येतें. परंतु खडकास कवचासारखें चिकटलेलें असेल तर छिन्नी-हातोडीनें दगडाच्या ढलपीसकट काढावें लागतें. मग तें वाळवून कागदाच्या पुडींत ठेवावयाचें आणि वर स्थळ, तारीख, खडकाची जात व संग्राहकाचें नांव लिहावयाचें. हें टिपण नसेल तर आंतला जिन्नस कपचीच्या मोलाचा. (वहीवर तारीख न घालणाऱ्या विद्यार्थ्यांवर आम्ही जन्मभर रागावलों, तें कांहीं उगाच नव्हे.)

परंतु तिकडील पिवळसर हिरवें 'नकाशा' दगडफूल वर्षाकांठीं एक मिलिमीटरहि वाढत नाहीं. तळहाताएवढा ठिपका शेंकडों वर्षांचा असतो. त्यावर हातोडी घालणें हा अपराध नव्हे काय? आम्हांस प्रथम तसेंच वाटलें.

पुढें त्याच बेटांवर १९५५ पासून १९९० पर्यंत रशियानें अण्वस्त्रांच्या चांचण्या केल्या. ३० ऑक्टोबर १९६१ रोजीं झालेला स्फोट तर मानवानें केलेला सर्वांत मोठा. दगडफुलास मूळ नाहीं. हवा, पाऊस आणि धूळ ह्यांतून येईल तें तें घेतें आणि धरून ठेवतें, किरणोत्सर्गी कणहि. तेव्हां स्फोटांपूर्वीं तेथली हवा काय होती ह्याची साक्ष ऑस्लोच्या संग्रहालयांतील १९२१ च्या पुड्या देऊं शकतात. आज तेथें जाऊन कोणी कितीहि ठोकलें तरी ती मिळावयाची नाहीं. आमचा आक्षेप आम्हीं मागें घेतला.

नातवानें लगेच एक तुकडा कागदांत बांधून तारीख घातली आणि स्थळ म्हणून 'आजीचा डबा' असें लिहिलें. तें आम्हीं खोडलें व त्यास वाण्याकडे पिटाळलें. वाणी म्हणाला, "मुंबईहून येतें."