एका डोळ्याची गाडी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. परवा पुण्याच्या भाच्याने फोनवर विचारलंसुद्धा, "मामा, ब्लॉग बंद केला का?" बंद नाही रे बाबा, गाडीपायी अडकलो होतो. आज तेच सांगतो, आणि त्या निमित्ताने माझं एक मतही मांडतो. पटलं तर घ्या.

आम्ही राहतो लोहाऱ्याला, यवतमाळला अगदी लागून. आमची गाडी बारा वर्षांची. या पावसाळ्यात तिच्या उजव्या हेडलाइटला एक खोड लागली. पाऊस झाला की दिवा बंद, दोन दिवस ऊन पडलं की पुन्हा चालू! काचेच्या आत पाण्याचे थेंब दिसायचे. सौ. रोज म्हणायची, "दाखवून घ्या एकदा." मी म्हणायचो, "एक तर लागतो ना? मग झालं." चाळीस वर्षं वर्गात बोलून बोलून ऐकायची सवयच राहिली नाही, दुसरं काय!

मग ती रात्र आली. दारव्ह्याहून परतत होतो, पावसाची भुरभुर होती. समोरून एक मोटारसायकल आली. मागे बाई, तिच्या मांडीवर लेकरू. तो गडी रस्त्याच्या मधून सरळ माझ्या अंगावर! मी करकचून ब्रेक दाबला, त्याने कशीबशी गाडी बाजूला घातली. हातभर अंतर राहिलं असेल. मी काच खाली करून ओरडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "काका, मले वाटलं फटफटी येऊन राह्यली!"

मंडळी, माझी बोलतीच बंद झाली. त्याचं काय चुकलं होतं? आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. गाडीचा उजवा दिवा हा समोरच्याच्या बाजूचा. तोच बंद असला तर त्याला फक्त पलीकडचा, कडेचा दिवा दिसतो. म्हणजे कडेने एखादी दुचाकी येतेय आणि मधे भरपूर जागा आहे, असंच तो समजणार. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू असेतो जळतच राहतो. एक दिवा म्हणजे दुचाकी, हे आता दिवसाउजेडीही डोळ्यात पक्कं बसलंय. मी त्या तिघांना जागा दाखवत होतो ती माझ्या बोनेटची!

दुसऱ्या दिवशी सकाळीच एका मोठ्या वर्कशॉपात गेलो. त्यांनी बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "पूर्ण युनिट बदलावं लागेल." आकडा ऐकून मी तसाच माघारी फिरलो आणि एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजवर गेलो. हा पोरगा शाळेत मागच्या बाकावर बसायचा. व्याकरणात कायम कच्चा. पण काम कसं केलं बघा.

आधी त्याने फ्यूज पाहिला. पुष्कळ गाड्यांत दोन्ही दिव्यांचे फ्यूज वेगळे असतात. तो ठीक होता. मग डावा बल्ब काढून उजवीकडे लावला. पेटला नाही. म्हणजे बल्बचा दोष नाही. मग टेस्ट लॅम्प लावून होल्डरपर्यंत वीज येते का आणि अर्थची तार धड आहे का, ते पाहिलं. शेवटी होल्डर सोडवून माझ्यासमोर धरला. पिनांवर हिरवा थर चढलेला आणि एका बाजूने प्लास्टिक काळं पडलेलं. म्हणाला, "सर, ओल धरली की पिना गंजतात. गंजल्या की जोड ढिला पडते, मंग गरम होऊन प्लास्टिक वितळते. बल्बमागचं रबर कुठी हाये?"

रबर कुठे होतं? माझ्या कपाटातल्या डब्यात! मागच्या वर्षी बल्ब मीच बदलला होता. ते टोपीसारखं रबर घट्ट बसेना, म्हणून "काय फरक पडतो" म्हणत बाजूला ठेवलं. पाणी आत शिरायला वाट मीच करून दिली होती. शिवाय बल्बची काच बोटांनी धरली होती. हॅलोजनच्या काचेला हाताचं तेल लागलं की ती तिथे जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो, हेही त्याच्याकडूनच कळलं. मी मान खाली घालून ऐकलं.

त्याने दिवा काढून उन्हात वाळवला, नवा होल्डर जोडला, रबर बसवलं. मी विचारलं, "सगळीकडून सिलिकॉन लावून बंदच करून टाकू का?" तर म्हणाला, "नाही सर, दिव्याले श्वास घ्याची जागा लागते." मागे हवा जायला बारीक तोंड असतं. पावसाळ्यात काचेवर हलकी वाफ धरली आणि दिवा लावल्यावर निघून गेली तर घाबरायचं नाही. थेंब साचले तर मात्र पाणी शिरतंय असं समजावं. मोठा १००/९० वॅटचा बल्ब लावायचा सल्ला शेजाऱ्यांनी दिला होता. त्यालाही त्याने नकार दिला. वायरिंग ६०/५५ चं असताना जास्त वीज ओढली तर होल्डर पुन्हा जळणार, आणि समोरच्याचे डोळे दिपतील ते वेगळेच.

आता माझं मत. न तपासता अख्खा भाग बदलणं हे मूल नापास झालं की शाळाच बदलण्यासारखं आहे. दोष कुठे आहे ते एकेक पायरीने शोधावं. नव्या एलईडी गाड्यांत पुष्कळदा पूर्ण युनिट बदलावंच लागतं, मान्य. पण आधी बघा तरी! आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. हेडलाइट फक्त आपल्याला दिसावं म्हणून नसतो, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणूनही असतो. "एक तर लागतो ना" हे वाक्य मी माझ्यापुरतं बोललो, पण त्याची किंमत मोजायची वेळ आली होती मांडीवरच्या त्या लेकरावर.

असो. आज रात्री गाडी भिंतीसमोर उभी करा, अप्पर-डिप्पर दोन्ही लावून पाहा. भाचेबुवा, तुम्हीसुद्धा!